दादाच्या बर्फाची पारख

दादा अमेरिकेत, आई माझ्याकडे नानाखेड्याला. तरी घरात नाव त्याचंच. गेल्या हिवाळ्यात त्याने फोनवर सांगितलं की मेल्यावर त्याला जाळणार नाहीत, गोठवून ठेवतील, आणि पुढेमागे विज्ञानाला जमलं की उठवतील. तसा करारही झालाय. आईचा चेहरा असा उजळला की माझ्या अंगाचा भडका उडाला. हा कॉलेजात शिकत होता तेव्हा मी देवास गेटच्या बाजारात आलूची पोती उचलत होतो. आता दुसरा जन्मही ह्यालाच?

"थंडीतलं मला विचार," मी म्हणालो. "कोल्ड स्टोरेज माझं आहे."

"तुझे आलू रे ते," आई म्हणाली.

ते झोंबलं. हे सगळं खोटं आहे असं कुणा जाणत्याकडून लिहून आणायचं आणि तिच्यापुढे ठेवायचं, असं मी ठरवलं. मालाची पारख विकणाऱ्याला विचारायची नाही हा माझा नियम, म्हणून कंपनीची माहिती बाजूला ठेवली. ओळखीचे दोन डॉक्टर काही न वाचताच हसले. बरं वाटलं, पण नुसत्या हसण्यावर आई ऐकणार नव्हती. शेवटी कॉलनीतले प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक गाठले. त्यांनी याविषयीचं संशोधन वाचायला पंधरा दिवस मागितले.

सोळाव्या दिवशी मी फ्रीजरमध्ये गोठवून मग वितळवलेला आलू घेऊन गेलो. त्यांच्यासमोर दाबला तर पाणी सुटलं.

"बघा. माणसाचं हेच होणार."

"नहीं भाईसाहब. बर्फ होऊ नये म्हणून ते लोक रक्त काढून औषध भरतात. तुमच्या आलूने काही सिद्ध होत नाही."

"म्हणजे जमतं?"

"आजवर एकही माणूस उठलेला नाही. गर्भ गोठवून पुन्हा जगवतात, पण तो ठिपक्याएवढा. एवढ्या मोठ्या शरीरात ते औषधच बाधतं, आणि मेंदूतलं किती शाबूत राहतं ते कुणाला ठाऊक नाही. जमतं याचा पुरावा नाही. कधीच जमणार नाही, याचाही नाही." हेच लिहिलेला कागद त्यांनी पुढे केला.

"सर, शेवटचं वाक्य काढा."

"नाही."

"बरं, बारीक अक्षरात लिहा."

"जो सुनना है वही लिखवाना था, तो मेरे पास क्यों आए?"

मी त्यांना नाही नाही ते बोललो, दार आपटून निघालो, आणि अर्ध्या जिन्यावरून परत फिरून कागद मागून घेतला.

आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"म्हणजे उठेलही," ती म्हणाली.

"अगं, एकही उठलेला नाही! वरच लिहिलंय."

"वाचलं रे. पण उठलाच, तर तिथे आपलं कोण असेल? त्याला स्वतःचा चहासुद्धा करता येत नाही." मग म्हणाली, "तूही तो करार कर ना. सोबत होईल त्याला."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा दम संपल्यावर मी विचारलं, "आणि तू? तुला नाही का गोठायचं?"

"मला कशाला? मला तुझ्या हातचा अग्नी पुरे."

"दादाच्या नाही?"

"तुझ्या."

"हे त्याला सांगशील?"

"सांगेन की."

"आत्ता सांग," मी फोन लावून तिच्यापुढे धरला. "स्पीकरवर."