धुऱ्याचा हिमालय

आमचे हे, म्हणजे नीळकंठ मास्तर, पिंपळगाव राजाच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाले. पण यांचा भूगोल काही रिटायर झाला नाही. गोधडीची घडी घाला म्हटलं, तर दोन्हीकून लोटून तिचा पर्वत करून ठेवतात. डोकं उठते माह्यं.

अशा माणसाले गावातल्या निवृत्तीनं भांडण मिटवाले बोलावलं. त्याचं अन् त्याच्या चुलतभावाचं, भागवतचं, वावर लागून. दोघंही दरसाल नांगरताना मधला धुरा, म्हणजे बांध, आपापल्या बाजूनं कोरत अन् दगडमाती वर फेकत. धुरा अरुंद होत गेला अन् छातीएवढा उंच झाला. निवृत्तीचा रस्ता भागवतच्या वावरातूनच. आता वेचलेला कापूस उघड्यावर, आभाळ भरलेलं, अन् तो न्याले आलेला ट्रॅक्टर धुऱ्यापलीकडे अडकलेला.

मी निवृत्तीच्या बायकोसंग, तानुबाईसंग, ढिगावर ताडपत्री ओढून राह्यली होती. पुरेना. तानुबाईचं तोंड एवढंसं झालं होतं. अन् हे धुऱ्यावर चढून खूश.

"हिमालय असाच झाला," हे म्हणाले. "जमिनीचे दोन मोठे तुकडे आदळले. दोन्ही सारखेच हलके, म्हणून खाली कोणी जाईना. मधातला भाग चेपला, दुमडला अन् वर गेला. समुद्राचा तळसुद्धा शिखरावर जाऊन बसला."

"बरोबर आहे. खाली काऊन जावं?" भागवत म्हणाला. निवृत्तीनंही मान हलवली. दोघांचं जमलं, तेही यावर.

तिथंच थांबावं की नाही माणसानं? हे पुढं म्हणतात, "आपला देश दक्षिणेकून रेटत गेला. अजूनही रेटून राह्यला."

निवृत्तीचं वावर दक्षिणेले. भागवत उसळला, "घ्या, मास्तरच सांगून राह्यले रेटते कोण ते."

मी कपाळावर हात मारला. यांच्या लक्षातच नाही काय केलं ते.

निवृत्ती भांडला नाही. कापसाकडे पाहत त्यानं विचारलं, "मास्तर, मंग तो पर्वत खाली कसा येते?"

"पाऊस झिजवते त्याले. कोट्यवधी वर्षं लागतात."

तेवढ्यात भागवतच्या हातावर टपोरा थेंब पडला. त्यानं तो पुसला अन् ढिगाकडे पाह्यलं. तोही कापूसवालाच, भिजता कापूस त्याच्यानं पाहवत नाही, मग तो कोणाचाही असो.

"एवढी सवड कोणाले आहे बे," म्हणत त्यानं ट्रॅक्टरवरचं फावडं काढलं. निवृत्तीनं कुदळ उचलली, अन् दोघं धुरा फोडाले लागले.

यांचं चालूच, शिखरावरचे शंख अन् काय काय. मी यांच्या हातात घमेलं दिलं.

एक दगड घरंगळला तसा निवृत्ती भागवतले म्हणाला, "दादा, पाय सांभाळ."

तानुबाईच्या हातून ताडपत्री सुटली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं त्याच्या तोंडून 'दादा' ऐकलंच नव्हतं.