पायातला फुगा

पाय राहतो की जातो, अशी वेळ होती. तुंबलेली रक्तवाहिनी औषध लावलेल्या फुग्याने उघडली आणि पाय वाचला. पण फुगा आतच ठेवलाय अशी माझी ठाम समजूत. तो फुटेल म्हणून मी शिंकासुद्धा दाबत होतो. शेवटी बायकोने डॉक्टरांकडे माझी तक्रार केली. डॉक्टर हसले. "काका, फुगा तेव्हाच काढला. आतून औषध लावलं की त्याचं काम संपलं. बिनधास्त शिंका."

शिंकलो. शेजारची खाट रिकामी दिसली. मला फुगा घालायला आत नेताना त्या खाटेवरच्या आजोबांनी माझा हात धरला होता. "चालत घरी जाल हो." नाव विचारायच्या आधीच ते घरी गेले. काही माणसंही अशीच, क्षणभर टेकून जाणारी.

आज एकटाच जिना उतरलो. कठडा धरायचा राहूनच गेला. हात अजून त्यांच्याच हातात होता.