मधली घंटा

"आज कुनासाठी वाजवली नाय. म्हंजे दिवस बरा."

संध्याकाळी माझ्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर टेकताना चर्चच्या घंटा वाजवणाऱ्या काकांचं पहिलं वाक्य हेच असायचं. मग तळहात एकमेकांवर चोळायचे. दोर ओढून ओढून त्या हातांना असे घट्टे पडले होते की चहाचा ग्लास कितीही गरम असो, ते तो खुशाल मुठीत धरून प्यायचे.

पनवेलच्या जुन्या बाजाराकडून तुम्ही कधी आला असाल, तर माझ्या दुकानासमोरचं चर्च पाहिलं असेल. मनोऱ्यातल्या तीन घंटा आता मोटारीवर वाजतात. काका पुढे कळंबोलीला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. ते होते तोवर दोन दोर त्यांच्या हातांत असत आणि तिसरा पायाला. थोरली, मधली आणि धाकटी अशी घंटांची नावं त्यांनीच ठेवलेली. लग्नाला, सणाला तिघी एकदम वाजायच्या. कुणी वारलं तर एकटीच. पुरुषाला थोरली, बाईला मधली, लेकराला धाकटी. एक ठोका द्यायचा, तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. दुकानातलं गिऱ्हाईक विचारायचं, "कोण गेलं हो?" काका वर मलाच टोमणा मारायचे, "डाक्टर, तुमच्या गोळ्यांतून सुटला का तो माज्याकडंच येतो." मी डॉक्टर नाही, नुसता दुकानदार आहे, हे सांगून सांगून मी थकलो होतो.

काकूंची जीभ तिखट. साखरेच्या आजाराच्या गोळ्या न्यायला यायच्या आणि माझ्यादेखत नवऱ्याला झापायच्या. "जितेपनी माजं एक आयकत नाय हा मानूस. मेल्यावर तरी माजी घंटा नीट वाजव रे." काका हसायचे. "तुजी अशी वाजवीन, का खांदा कॉलनीपर्यंत जाईल." मीही हसायचो. आता त्या हसण्याची आठवण नको वाटते.

एरवी असा गमत्या माणूस, पण घंटेच्या नियमाला भलताच कडक. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी काका तिन्ही दोर वर बांधून टाकायचे. ते सुटायचे शनिवारी रात्री, ईस्टरच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गौरवगीत सुरू झालं की. मधले दिवस येशूच्या दुःखाचे, म्हणून घंटा मुक्या. एका वर्षी गुड फ्रायडेला इथल्या एका बिल्डरचे वडील वारले. बिल्डर मनोऱ्याच्या दारात आला, त्याने विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. काका दारातून हलले नाहीत. "देवाच्या पोराची वाजत नाय, तुज्या बापाची कशी वाजंल?" त्यानंतर तो काकांशी कधी बोलला नाही. मलासुद्धा काकांचा राग आला होता. माणसाच्या दुःखापुढे एवढा कसला ताठा?

आणि मग काही वर्षांनी काकू गेल्या, त्याही नेमक्या गुड फ्रायडेलाच.

मी गेलो तेव्हा फादर काकांच्या शेजारी बसले होते. तरुण माणूस, कसं सांगावं या विचाराने कावराबावरा झालेला. काकाच म्हणाले, "मला म्हाईत हाय, फादर. दोर मीच बांधलेत." शनिवारी सकाळी काकूंना नेलं. घंटा नाही, गाणं नाही, नुसता चपलांचा आवाज. काका कोरड्या डोळ्यांनी चालत होते. मागे कुणीतरी पुटपुटलं, "म्हाताऱ्याला काळीजच नाय." मला मात्र त्यांच्याकडे बघून भीती वाटत होती.

त्या रात्री ते घंटा वाजवायला येतील, असं कुणालाच वाटलं नव्हतं. बायकोला सकाळी पुरायचं आणि रात्री सणाची घंटा वाजवायची, कुणाच्याने होईल? मी दुकान लवकर बंद केलं आणि चर्चच्या आवारात जाऊन उभा राहिलो. आत जागा नसलेले बरेच जण तिथे होते, तो बिल्डरही होता. गौरवगीत सुरू झालं आणि तिन्ही घंटा एकदम वाजू लागल्या, दरवर्षीसारख्या खणखणीत. मग धाकटी थांबली. थोरली थांबली. मधली एकटी वाजत राहिली, सावकाश. एक ठोका, तो विरला, मग दुसरा.

आतलं गाणं थांबलं. सणाच्या रात्री मरणाची घंटा कुणी कधी ऐकली नव्हती. आता बिल्डर तोंड उघडणार, असं मला वाटलं. त्याने मान खाली घातली आणि क्रुसाची खूण केली. मधली थांबेपर्यंत फादर गप्प उभे राहिले आणि मगच त्यांनी गाण्याची पुढची ओळ धरली.

मिस्सा संपल्यावर काका बाहेर आले. मनोऱ्याची किल्ली त्यांनी फादरांच्या हातात ठेवली. "नियम मोडला मी. आता दोराला हात लावायचा नाय." फादर "राहू द्या, काका" म्हणत होते, पण ते पुढे निघाले. बिल्डरसमोर थांबले. "तुज्या बापासाठी नाय म्हनलो होतो मी."

"चला, काका, घरी सोडतो," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळले.

"डाक्टर," ते म्हणाले, "आता गेली ती."

आणि तिथेच, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेत, ते खाली बसले आणि रडायला लागले.