नवं व्हर्जन आलं आणि गोल हरवला

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी साचतातच. एक लोखंडाचा कीस आणि दुसरे किस्से. कीस निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून म्हटलं, चहा येईपर्यंत थोडे तुमच्याकडे ढकलावेत.

लातूरच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे रफिकभाईंचं. डाळमिल आणि तेलघाण्याचे सुटे भाग बनवतो. मी आणि वर्षाताई कॉम्प्युटरवर बसतो. भागाचं चित्र काढायचं, कापणारं टूल कुठून कसं फिरेल ते ठरवायचं, मग सॉफ्टवेअर मशीनसाठी प्रोग्राम लिहून देतं. मशीनवर निलंग्याचा बालाजी. आणि आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवायला रफिकभाईंचे अब्बा. त्यांनी सारा जन्म हातानं फिरवायची साधी लेथ चालवली. कॉम्प्युटरला ते अजून 'टीव्ही' म्हणतात.

आमचं जुनं सॉफ्टवेअर छान चालत होतं. हाच त्याचा गुन्हा! एक दिवस सॉफ्टवेअर विकणारा गणेश आला. शिरूर अनंतपाळचा गोड बोलणारा पोरगा. म्हणाला, "भाई, नवं व्हर्जन घ्या. सगळं एका क्लिकवर!"

रफिकभाईंना गणेश आवडायचा. त्यांनी हो म्हटलं. झालं!

*

पहिल्याच सकाळी गोल हरवला.

म्हणजे स्क्रीनवर वर्तुळ काढायचं बटण. जुन्यात डाव्या कोपऱ्यात होतं, डोळे झाकून सापडायचं. नव्यात सगळी बटणं रांगोळीसारखी नटून बसलेली, पण गोल कुठेच नाही. मी शोधलं, वर्षाताईंनी शोधलं, मग रफिकभाई चष्मा पुसून बसले.

वर्षाताई वैतागून म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पण डबे इकडचे तिकडे करतात हो. पण मिठाचा डबाच गायब, असं कधी केलं नाही त्यांनी!"

शेवटी रफिकभाईंनी गणेशला फोन लावला. "अरे, गोल कुठाय?"

"भाई, उजवीकडं तीन टिंबं दिसतात का? त्याच्या आत हाय."

रफिकभाईंनी टिंबं दाबली. आत गोल बसलेला. ते फोनमध्ये ओरडले, "गोल लपवून टिंबं भाईर ठेवली व्हय रे? डाळमिलला आता टिंबं बसवू का मी?"

*

नव्या व्हर्जनला आणखी एक खोड होती. ते फार विचारायचं. एक भोक पाडायचं म्हटलं की, "तुम्हाला खात्री आहे का?" हो म्हटलं की, "आधीची सेटिंग बदलेल, चालेल का?" चालेल म्हटलं की, "नक्की पुढे जायचं?"

मी वाचून दाखवायचो आणि रफिकभाई मागून "हाव" म्हणायचे. एका साध्या पट्टीला भोकं पाडताना "हाव, हाव" करून त्यांचा घसा सुकला.

शेवटी म्हणाले, "निकाहात काजीसाहेबांनी तीनदाच विचारलं होतं. तेवढ्यावर अख्खा संसार चालू हाय! ह्याला एका भोकासाठी किती कबुली पायजेत?"

*

मग एक अपडेट आपणहून आलं. सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर सगळे मेनू भलत्याच लिपीत! चिनी की जपानी, कुणाला ठाऊक. मी हात वर केले. वर्षाताईंनी मोबाईलवर फोटो काढून गणेशला पाठवला.

रफिकभाईंना मध्येच आठवलं, बालाजी सीमेकडचा, त्याला कन्नड येतं. त्यांनी हाक मारली, "बालाजी, बग रे, कन्नड हाय का?"

बालाजीनं मान वाकडी करून पाहिलं. "इल्ला!" म्हणाला. म्हणजे नाही.

आणि तिथेच खुर्चीवर बसून त्यानं माऊस धरला. फाईल उघडली, टूल निवडलं, प्रोग्राम काढला, मशीनला पाठवला. आम्ही गार!

"बालाजी, तुला हे कळून राहिलंय?" रफिकभाईंनी विचारलं.

"न्हाई की," तो उठता उठता म्हणाला. "आदी इंग्रजी होतं तवा तरी कुठं कळत होतं?"

*

कंपनीचा सपोर्टवाला लांबून, इंटरनेटवरूनच आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दुरुस्ती करतो. त्या दिवशी तो शिरला आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, वर्षाताई आणि रफिकभाई, हाताची घडी घालून उभे.

तेवढ्यात अब्बा आले. खुर्ची रिकामी. टीव्हीवर बाण आपला आपण फिरतोय, खिडक्या उघडतोय, बंद करतोय. अब्बा जवळ गेले. खुर्चीखाली पाहिलं. टेबलामागे पाहिलं.

"कौन है रे?"

रफिकभाईंनी समजावलं, "अब्बा, लांबचा मानूस हाय. तिकडूनच काम करतो."

अब्बा बराच वेळ तो बाण पाहत राहिले. मग आमच्या तिघांकडे वळून म्हणाले, "ह्यो दिसत न्हाई, पन काम करून राहिला. तुमी निस्ते दिसून राहिलाव!"

*

माहूरचे एक काका आले होते. देवळाच्या वाटेवर त्यांचं पितळी वस्तूंचं दुकान. रेणुकामातेचे टाक, म्हणजे देवघरात ठेवायचे ते छोटे ठसे, त्यांना बनवायचे होते. त्यासाठी साचा हवा होता. तळहातावर मावेल एवढा.

वर्षाताईंनी मन लावून मुखवटा काढला. डोळे, नथ, मळवट, सगळं. काकांना शेजारी बसवून नव्या सॉफ्टवेअरवर दाखवायला घेतलं. सॉफ्टवेअर आधी बराच वेळ विचार करत बसलं. मग म्हणालं, या कामासाठी लागणारा लोखंडी ठोकळा तुमच्या मशीनवर बसत नाही.

बसेल कसा? नव्या व्हर्जननं मिलिमीटरचे परस्पर इंच करून टाकले होते! आकडे पाहिले तर टाक आमच्या दारातूनही आत आला नसता.

स्क्रीन भरून देवीचा मुखवटा. काकांनी चप्पल काढून हात जोडले. वर्षाताई घाबरल्या, "काका, चूक झाली, आत्ता लहान करते."

काका हात जोडलेलेच ठेवून म्हणाले, "चूक कशाची, पोरी? माय मोठीच हाय. पन लोकांच्या देवघरात मावंल एवढी कर!"

*

हा पुढचा मात्र ऐकताना हसू येतं, घडताना आलं नव्हतं.

तुरीचा हंगाम ऐन भरात, आणि एका डाळमिलच्या शेठजींची गिरणी एका भागावाचून बंद पडलेली. शेठजी आमच्याकडेच येऊन बसले. "लवकर करा हो, लवकर करा! पोती दारात पडून राहिली!" चहाच्या दर घोटाला एकदा.

प्रोग्राम तयार झाला. बालाजी मशीनवर लोखंड बांधायला निघाला, तेव्हा वर्षाताई आडव्या आल्या. "नव्या व्हर्जनचा पहिला मोठा प्रोग्राम आहे. आधी हवेत चालवू. लोखंड न बांधता."

"अवो बाई, हवेत चालवायला मी काय पतंग करायला आलो का?" शेठजी तडकले.

रफिकभाईंनी एकदा शेठजींकडे पाहिलं, एकदा वर्षाताईंकडे. म्हणाले, "हवेत चालवा."

बालाजीनं मशीन सुरू केलं. टूल खाली उतरलं, फिरलं, छान चाललं. आता टूलनं आधी वर उठायचं आणि मग बाजूला सरकायचं. ते वर उठलंच नाही! खाली होतं तसंच, पूर्ण वेगात, आडवं सुटलं. सणकन!

लोखंड बांधलेलं असतं तर टूलचे तुकडे उडाले असते. आणि बालाजी बघायला म्हणून मशीनचं दार अर्धं उघडं ठेवून वाकला होता.

त्यानं मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं. बालाजी नळावर गेला आणि तोंडावर पाणी मारत राहिला. वर्षाताई खुर्चीत बसल्या. रफिकभाई बालाजीच्या मागे जाऊन नुसते उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल त्याला दिला आणि म्हणाले, "दार लावल्याबिगर मशीन चालू करायचं न्हाई. मी सांगितलं तरी न्हाई."

वर्षाताईंनी प्रोग्राम काढणारी सेटिंग ओळ ओळ तपासली आणि दुरुस्त केली. पुन्हा हवेत चालवलं. टूल शहाण्यासारखं वर उचललं गेलं. बालाजी लोखंड बांधायला उठला तसा कोपऱ्यातून शेठजींचा आवाज आला, एकदम बारीक.

"अजून एकदा हवेत होऊ द्या की. माझी तूर काय पळून जात न्हाई."

*

आणि परवाचा हा.

गणेशच्या कंपनीला समाधानी ग्राहकाचा व्हिडिओ हवा होता. गणेशनं आमचं नाव दिलं. नांदेडहून त्याचे मोठे साहेब आले, सोबत कॅमेरावाला. बालाजीनं मशीन पुसून लख्ख केलं. अब्बा अत्तर लावून आले.

गणेशनं रफिकभाईंना बाजूला घेतलं. चेहरा पार उतरलेला. "भाई, माझं प्रमोशन ह्याच्यावर हाय. चांगलं बोला."

रफिकभाई मला म्हणाले, "आता काय करू? अब्बासमोर खोटं बोलवत न्हाई. अन् पोराच्या पोटावर पाय बी देवत न्हाई."

कॅमेरा सुरू झाला. रफिकभाई नव्या शर्टात ताठ उभे. साहेबांनी हसत विचारलं, "रफिकभाई, मनापासून सांगा. नव्या व्हर्जनमधलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं?"

रफिकभाईंनी शर्टाची कॉलर नीट केली. गणेशनं डोळे मिटून घेतले.

"अन्डू," रफिकभाई म्हणाले.

साहेब खूश! "वा! म्हणजे केलेलं काम मागे घ्यायचं बटण. फार वापरता?"

"लई! सकाळी आलो की आदी त्येच दाबतो. दाबून दाबून बोट दुखतं, साहेब. पन ते जुन्या व्हर्जनपर्यंत काय जात न्हाई!"