एकोणीसशे मीटर

आमच्या लॅबमध्ये कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या घडवतो, दात बसवतो आणि तयार कवळी घासूनपुसून परत पाठवतो. दात रचायचं काम माझ्या ताईचं. सव्वीस वर्षं ती खिडकीजवळच्या टेबलावर हेच करतेय. एखादा दात केसभर वाकडा बसला तरी सगळी ओळ उपटून पुन्हा मांडते, आणि तेवढा वेळ पुटपुटत असते. मी तिच्या शेजारी बसते, त्यामुळे मला त्याची सवय आहे. पण मधली तीनचार वर्षं त्या पुटपुटण्यात दात कमी आणि पाणी जास्त होतं.

झालं असं, की आमच्या रस्त्यावरची बस बंद झाली. ताईने नवऱ्याची पडून असलेली सायकल काढली आणि तिच्यावरून कामाला येऊ लागली. मग रविवारीही लांब जाऊ लागली. मग पळायलाही लागली. वय चव्वेचाळीस. एका डॉक्टरीणबाईंनी, ज्यांच्या कवळ्या आमच्याकडे येतात, तिला लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनबद्दल सांगितलं. तलावात एकोणीसशे मीटर पोहायचं, बाहेर येऊन लगेच नव्वद किलोमीटर सायकल, आणि उतरल्यावर एकवीस किलोमीटर धावायचं. सगळं एका दिवसात, एका दमात.

"पोहता येतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शिकेन," ताई म्हणाली.

आता ही बाई डोक्यावरून पाणी घ्यायचीसुद्धा नाही. केस धुताना मान मागे टाकून, कपाळावर हात आडवा धरून धुवायची. तोंडावर पाणी आलं की तिचा जीव घाबरा व्हायचा.

तरणतलावावर तिच्या वर्गात सगळी सहासात वर्षांची पोरं होती. ती महिन्याभरात सुरसुर पोहत पलीकडे जायला लागली. ताई कठड्याला धरून उभी. मास्तर रोज तेच सांगायचे, "पाण्यात श्वास सोडा, बाहेर घ्या." ताई नेमकं उलटं करायची. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये घसा बसलेला, डोळे लाल आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

"काल एका पोरीने मला विचारलं, तुमची आई तुम्हाला आणायला येते का," ती एकदा म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

पहिले पंचवीस मीटर न थांबता पार करायला तिला आठ महिने लागले. दोनशे मीटरला दीड वर्ष. सायकल आणि धावणं तिच्या अंगात मुरलं होतं, त्याबद्दल ती कधी बोललीच नाही. बोलायची ती फक्त पोहण्याबद्दल, आणि तेही शिव्या दिल्यासारखं. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, शाळेत गणित शिकवतात. ते म्हणाले, "जमत नाही तर सोड ना. दुसरी शर्यत बघ, नुसती धावायची." त्यावर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. अडीच वर्षांनी एका सकाळी तिने तरणतलावाच्या शहात्तर फेऱ्या न थांबता मारल्या. एकोणीसशे मीटर. त्या दिवशी लॅबमध्ये आली ती गप्प बसून नीट काम करत राहिली. तिने त्या दिवशी एकही ओळ उपटली नाही, हे मी मोजलं होतं.

शर्यतीला मी आणि भावोजी दोघंही गेलो. उजाडता उजाडता तलावाकाठी पोचलो. दंडावर नंबर लिहिलेली तीनशे माणसं अंगाला चिकटलेले काळे सूट घालून उभी होती, आणि समोर तलावच नव्हता. नुसतं धुकं. पोहायची वाट दाखवायला पाण्यावर सोडलेल्या फुग्यांपैकी काठापासून दहा हातांवरचा केशरी फुगा तेवढा दिसत होता.

लाउडस्पीकरवर सांगितलं, अर्धा तास उशीर होईल. मग आणखी अर्धा तास. मग सांगितलं, मदतीच्या बोटींना पाण्यातली माणसं दिसणार नाहीत, म्हणून पोहणं रद्द. सायकलपासून सुरुवात.

आजूबाजूला टाळ्या पडल्या. सुटलो, असं कुणीतरी म्हणालं. ताई थेट आयोजकाकडे गेली.

"थोडं थांबू या. धुकं उठेल," ती म्हणाली.

"अहो, रस्ते दुपारपर्यंतच बंद ठेवायची परवानगी आहे. नाही थांबता येणार."

"मी अडीच वर्षं याच्यासाठी घालवली आहेत."

"मला समजतंय. पण तुम्ही बुडालात तर मी काय सांगू?"

"मी बुडणार नाही."

"बाकीच्या दोनशे नव्याण्णव जणांचं सांगा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. माणूस बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच ताईला काही करता येईना. तिने टोपी डोक्यावरून ओढून काढली आणि सायकलीकडे गेली.

साडेनऊला धुकं उठलं. सायकलचा रस्ता तलावाच्या बाजूने दोनदा जायचा. ताई दुसऱ्यांदा तिथून गेली तेव्हा स्वच्छ ऊन पडलं होतं, आणि पाणी कसं, तर एक सुरकुती नाही. रांगेतले सगळे फुगे पार पलीकडपर्यंत दिसत होते. मी काठावरून हात केला. तिने बघितलं, पण माझ्याकडे नाही.

सायकल आणि धावणं मिळून सहा तास बत्तीस मिनिटांत तिने शर्यत संपवली. गळ्यात पदक पडलं. भावोजींनी फोटो काढले. एकाही फोटोत ती हसत नाहीये.

पुढचा महिना अभिनंदनाचा होता. लॅबमध्ये केक आणला. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आणि प्रत्येकाला ताई एकच वाक्य सांगायची, "पोहणं झालं नाही." लोक म्हणायचे, असू दे हो, पूर्ण तर केलीत. ती म्हणायची, "नाही केली." अशाने केक खाणारा माणूसही ओशाळतो.

एके दिवशी तिच्या घरी मी बसले असताना भावोजींचा संयम संपला. "यादीत तुझ्या नावापुढे 'पूर्ण' लिहिलंय. लोक कौतुक करतायत तर घे की."

"दोन बेरजा सोडवल्या आणि तिसरी पेपरातच आली नाही, तर पैकीच्या पैकी देता का?"

"आली नसेल तर द्यावेच लागतात," भावोजी म्हणाले.

ताई उठून आत गेली.

तिने नुसतंच तलावात जाऊन पोहून यायचंही बघितलं. तिथल्या राखणदाराने सांगितलं, शर्यतीचा दिवस सोडून पाण्यात उतरायला मनाई आहे. मग तिने दुसऱ्या वर्षी पुन्हा नाव दिलं.

या वेळी आभाळ निरभ्र होतं. पोहण्याला सत्तर मिनिटांची मुदत. तरणतलावात ती सहासष्ट मिनिटांत पोहायची, त्यामुळे आम्ही निवांत होतो. पण तरणतलावाच्या तळाशी सरळ रेघ असते, तलावाच्या तळाशी चिखल. ताई डावीकडे भरकटत गेली, तिला कळायच्या आत फुग्यांची रांग बरीच उजवीकडे राहिली होती. परतीच्या वाटेवर एक बोट तिच्याजवळ गेली. बोटीतल्या माणसाने विचारलं, आत येता का. तिने नकारार्थी मान हलवली आणि पोहत राहिली.

ती स्वतःच्या पायांनी पाण्याबाहेर आली तेव्हा घड्याळात चौऱ्याहत्तर मिनिटं झाली होती. काठावर वेळ बघणारी मुलगी खाली बसली आणि तिने ताईच्या घोट्याला बांधलेली, वेळ नोंदवणारी पट्टी सोडवली. "सॉरी काकू. पुढे नाही जाता येणार."

भावोजी धावत आले. वर्षभर ज्यांनी 'घे की कौतुक' म्हटलं होतं, ते त्या मुलीशी भांडायला लागले. चार मिनिटांनी काय बिघडतं, मागच्या वर्षी तुम्हीच रद्द केलंत, एवढी पोहून आलीय ती.

"तिची काय चूक?" ताई म्हणाली. दात वाजत होते. "वेळ बरोबर लावलीय तिने."

सायकल लगेच मिळाली नाही. सगळे स्पर्धक रस्त्यावरून परत येईपर्यंत कुणालाच ती बाहेर काढू देत नव्हते. म्हणून आम्ही तिघं तलावाकाठी पाच तास बसलो. पोहण्यात तिच्या किती तरी पुढे गेलेले लोक सायकलवर मान टाकून परत येताना दिसत होते. "याला तर मी चढावर सहज गाठलं असतं," ती एकेकाकडे बघून म्हणायची. मी तिला सांगितलं, "ताई, पण तू पोहलीस. पूर्ण पोहलीस." ती म्हणाली, "मागच्या वर्षी न पोहता पूर्ण, या वर्षी पोहून अपूर्ण. कुणाला सांगू हे?"

सायकल मिळाल्यावर तिने ती गाडीवर बांधू दिली नाही. घर चाळीस किलोमीटरवर होतं. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाली. भावोजींनी गाडी इतकी हळू चालवली की मागचे लोक भोंगे वाजवायला लागले. शेवटी ताईनेच पुढे येऊन काचेवर टकटक केलं आणि त्यांना जायला सांगितलं.

सोमवारी ती वेळेवर कामाला आली. खांदे दुखत होते, हात वर जात नव्हता, म्हणून मेणाचा डबा मीच फळीवरून काढून दिला. या खेपेला केक नव्हता, कुणी विषयही काढला नाही. दुपारी मीच विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "आज विचारू नकोस."

तिने खालच्या जबड्याचे चार दात बसवले, डोळे बारीक करून बघितले, आणि चारही उपटले.