रक्तपेढीतलं स्टॉपवॉच

सिन्नरहून सकाळची एसटी पकडून मी शहरातल्या द्वारका चौकात उतरायचे आणि तिथून चालत एका खासगी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत जायचे. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. कॉम्प्युटरची पदवी घेऊन एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नुकतीच लागले होते. रक्तपेढीसाठी नवा प्रोग्रॅम करायचा होता. त्याआधी जुन्या प्रोग्रॅमवर काम नेमकं कसं चालतं, ते मी टिपून आणायचं होतं. "ऑपरेटर नुसतं काय करते ते लिहू नकोस," आमच्या सरांनी बजावलं होतं. "कुठे बघते, काय ठरवते, कुठे अडते, सगळं लिही. आणि वेळ मोज." त्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच ठेवलं.

काउंटरवर चाळिशीच्या एक ताई बसायच्या. आधी कित्येक वर्षं रजिस्टर लिहिलं, मग कॉम्प्युटर शिकल्या. पहिल्याच दिवशी माझ्या वहीकडे बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे झालं की आमची गरज संपणार का?"

"छे, तसं काही नाही," मी घाईने म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

मग त्या माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. मी मागे स्टुलावर बसायचे. मनात काय चाललंय ते मोठ्याने बोलत काम करा, अशी मी विनंती केली होती. "वॉर्डाची चिठ्ठी घेतली. नाव टाकलं. यादी आली. पेशंट निवडला. लेबल छापलं." पण यादी आल्यावर, एंटर दाबण्याआधी, दर वेळी त्या दोन-तीन सेकंद थबकायच्या.

"इथे काय करता, ताई?"

"काही नाही हो. बघते."

मी वहीत लिहिलं, विनाकारण विलंब. चौथ्या दिवशी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी हळू आहे असं लिहिणार तुम्ही?" मी वहीचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी पिंपळगावजवळ हायवेवर अपघात झाला. फोन थांबेनात, नातेवाइकांची काउंटरवर गर्दी झाली. ताईंची बोटं भराभर चालत होती आणि मी बटण दाबून वेळ मोजत होते. आयसीयूची चिठ्ठी आली. नाव, यादी, वरची ओळ, एंटर. कुठेही थांबणं नाही. लेबल चिकटवलेली रक्ताची पिशवी घेऊन ने-आण करणाऱ्या मावशी लेबलावरच्या वॉर्डाकडे गेल्यासुद्धा. आतापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ मी खुशीत लिहून घेतली.

ताईंनी पुढची चिठ्ठी उचलली आणि तशीच खाली ठेवली. मागची पुन्हा हातात घेतली.

"चौसष्ट," त्या पुटपुटल्या. "मी वय पाहिलंच नाही."

स्क्रीनवर एकाच नावाच्या दोन ओळी होत्या. खालचा पेशंट चौसष्ट वर्षांचा, आयसीयूतला. वरचा एकोणतीस वर्षांचा, दुसऱ्या मजल्यावरचा; त्यालाही रक्त द्यायचं होतं. आयसीयूतल्या माणसाच्या रक्ताशी जुळवलेली पिशवी त्या तरुणाच्या लेबलाने वर गेली होती.

"रक्तगट एकच आहे ना?" मी विचारलं.

"नाही!" ताई उठून धावल्यासुद्धा. "अगं, फोन लाव वॉर्डाला!" जिन्यावरून आवाज आला.

फोन एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. काउंटरवरचे लोक ओरडत होते आणि माझं बोट आकड्यांवरून घसरत होतं. तिसऱ्यांदाही लागला नाही. मी रिसीव्हर धरून जिन्याकडे बघत उभी राहिले.

ताई आल्या त्या पिशवी छातीशी धरून. "स्टँडला लावली होती," त्यांना धाप लागली होती. "सिस्टर नळी जोडतच होती. लेबलावर त्याचंच नाव, तिला तरी शंका कशी येणार?"

दुपारी रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. "चूक माझी आहे, सर," ताई म्हणाल्या. "मी वय पाहिलं नाही."

गप्प राहिले असते तर मला कुणी विचारलंही नसतं. मी वही उघडून डॉक्टरांपुढे ठेवली. "सर, त्या रोज बघतात. आज माझ्यामुळे बघितलं नाही. तो वेळ फुकट जातो असं मीच लिहिलंय, त्यांना सांगितलंही."

त्यांनी पान वाचलं. "मग हे खोडा," ते म्हणाले, "आणि तिथे खरं काय घडतं ते लिहा." ताईंना त्यांनी कामावर परत जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर ताई पाणी प्यायल्या. यादी आल्यावर थबकून काय करता, हे मी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी हवेतच हात चालवून बघितला. चिठ्ठीवरच्या वयावर बोट, मग वॉर्डावर, मग स्क्रीनकडे नजर, मग काचेपलीकडच्या ट्रेमधल्या, पेशंटच्या रक्तनमुन्याच्या नळीवरचा नंबर.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"अगं, मला तरी कुठे माहीत होतं, मी एवढं सगळं करते ते!"

त्या दोन-तीन सेकंदांवर मी चार पानं लिहिली. कंपनीतले सर कुरकुरले, पण नव्या प्रोग्रॅममध्ये वय आणि वॉर्ड टाकल्याशिवाय लेबल निघायचं नाही, असं ठरलं. ताई काउंटरवरच राहिल्या. प्रोग्रॅम बसवला त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी होते. पहिल्या तासातच त्यांनी त्यात तीन चुका काढल्या, आणि मी त्या मुकाट्याने लिहून घेतल्या.