जीपच्या पोटाखालचे डांबर

“सर, ग्राइंडर फिरवू का? पाच मिन्टात साफ!”

मी जीपखाली उताणा पडलो होतो. लोखंड घासायचा ग्राइंडर घेऊन वाकलेले गृहस्थ म्हणजे तलवाड्याचे माजी सरपंच अण्णा. वडिलांची, म्हणजे दादांची, जुनी जीप ते घराच्या अंगणातच नवी करत होते. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक हा विषय शिकवत असे. निवृत्तीनंतर अशी कामे हौसेने करतो.

सोमवारी आरटीओत तपासणी होती. तेथे चेसिस नंबर दाखवावा लागतो. तो गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. नंबर दिसला नाही, तर वडिलांची जीप भंगारात जाणार होती. आणि नंबर अंडरबॉडी कोटिंगखाली गडप झाला होता. गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला देतात तो थर म्हणजे हे कोटिंग. एक-दोन मिलिमीटर पुरते. येथे बोटाची दोन पेरे बुडत होती.

“ग्राइंडर नको,” मी म्हणालो. “थराबरोबर आकडेही जातील. मग गाडी तुमचीच, हे कशावरून सांगाल?”

अण्णांनी नंबरची जागा सोडली, पण मडगार्डखाली ग्राइंडर लावलाच. घर्षणाने थर वितळतो आणि उडतो. अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तो धडा ताबडतोब उमटला.

डिझेलची टाकी आधीच उतरवून लांब ठेवली होती. हीटगनच्या गरम हवेने थर मऊ करायचा आणि स्क्रेपरने खरवडायचा, ही योग्य रीत. पहिलाच तुकडा हाती आला, त्यात चक्क खडी होती.

“अण्णा, कोटिंगमध्ये खडी कशी?”

अण्णा खाकरले. ओट्यावर तूर पाखडणाऱ्या त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, सूप खाली ठेवले.

“मी सांगते, सर. दर दसऱ्याला गाडी पुजायच्या आदी खालून एक हात डांबर. ह्यांच्या कारभारात गावचा रस्ता झालता, त्यातलं खडी पडलेलं पिंप गोठ्यामागं हाय.”

“उरलंतं ते!”

“रस्ता न्हाई उरला, डांबर बरं उरलं!”

अण्णा तुकडे गोळा करू लागले.

नंबरची जागा मी लाकडी पट्टीने हळूहळू मोकळी केली. लोखंड थंड झाल्यावर डिझेलच्या बोळ्याने पुसले. मग त्यावर कागद धरून पेन्सिल घासली. मुले नाण्याचा ठसा घेतात, तसेच. अण्णा आरसी बुकातला एकेक आकडा वाचत होते. शेवटचा आकडा जुळला आणि ते मातीतच बसले.

“दादांची जीप ऱ्हायली, सर.”

निघालेले डांबर चार घमेली भरले. वहिनींनी ते पुन्हा गरम करवून घेतले, फाटकापुढच्या खड्ड्यात ओतले आणि अण्णांच्या हाती धुम्मस दिले.

“ठोका आता. लई वर्षं वाट बघितली त्या खड्ड्यानं.”

सोमवारी जीप पास झाली. अण्णांनी विचारले, “सर, दसऱ्याला एक हात मारू का?”

मी त्यांना एवढेच सांगितले की कोटिंग पातळ असावे आणि ज्याचे त्याला लागावे.

गावचा रस्ता पावसाळ्यात पुन्हा उखडला. फाटकापुढचा तेवढा तुकडा अजून शाबूत आहे.